किलमोराची शेवटची हजेरी

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी सव्वातीन वाजता, पाच विरुद्ध शून्य मतांनी, किलमोराचा पॅरिश हॉल देऊन टाकायचं ठरलं. त्याच ठरावाच्या शेपटाला अण्णांनी मेलबर्नजवळ ट्रुगानिनाला मुलाकडे, धम्मदीपकडे, राहायला जायचंही ठरलं. ठराव अण्णांनीच मांडला. अनुमोदनही तेच द्यायला निघाले होते, पण समितीच्या सचिव नोराबाईंनी नियम दाखवला.

हे काही झालेलं नाही, असं धरून चालू. घरातले सगळे तसंच धरून चालतात आणि त्यांचं बरं चाललंय. तर, रविवारची सकाळ आहे, कुणी काहीही ठरवलेलं नाही, हॉल जिथल्या तिथे आहे, आणि करुणा चाळीस माणसांचे बटाटेवडे तळते आहे. येणार आहेत सहा माणसं.

"चाळीस कशाला, अण्णा?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"हजेरीच्या दिवशी चाळीसांचं खाणं असतं," अण्णा टायची गाठ मारत म्हणाले. "तुझी आई चाळीसांचंच करायची."

"तेव्हा चाळीस माणसं होती."

"तेव्हाही एकोणीस होती. प्रमिलाचा हिशोब नेहमी मोठा."

करुणाने झारा निथळत धरला. आईचा विषय निघाला की अण्णांचं क्रियापद कुठल्या काळात पडतं, याकडे ती फेब्रुवारीपासून कान लावून होती. ज्या इस्पितळात करुणा नर्स होती, तिथेच आई गेली, अकरा फेब्रुवारीला, करुणाची शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना. नऊ महिन्यांत अण्णांनी 'वारली' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. सरकारी फॉर्मवर 'जोडीदार' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : सध्या या पत्त्यावर नाही. त्यावर ऑफिसातून पत्र आलं, की मग नवा पत्ता कळवा. ते पत्र अण्णांनी फाइलला लावलं. अस्थींचा डबा टॉवेलांच्या कपाटात होता आणि त्या कपाटातून अण्णा टॉवेल घेत नसत.

"तू माझ्या बाजूने आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"बाजू वगैरे काय, अण्णा."

"मताला दोनच बाजू असतात. मी, नोरा. तिकडे धम्मदीप, अपर्णा. राहिलीस तू."

"मी तटस्थ राहिले तर?"

"तटस्थ पोराला शाळेत आम्ही झोपलेला म्हणायचो," अण्णा म्हणाले आणि जाकिटाला हिरवी फीत लावायला आरशाकडे गेले.

करुणाच्या पर्समध्ये डार्विनच्या इस्पितळाचं पत्र होतं. सीनियर नर्सची जागा, जानेवारीपासून, तिने सही करून पाठवलेली. ती चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि त्यातली अकरा वर्षं अशा गावात गेली होती जिथे शुक्रवारी संध्याकाळी करायची गोष्ट म्हणजे शनिवारची वाट बघणं. हॉल राहिला तर अण्णा राहणार. अण्णा राहिले तर ती राहणार. तिने वडा उलटला. तो खालून जळला होता.

*

किलमोरा म्हणजे समुद्राकडून येणारा वारा, बटाट्याची काळी जमीन आणि दगडी चर्च. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या एकाच जिल्ह्यातून सतरा कुटुंबं बोटीने आली आणि त्यांनी इथे हुबेहूब तेच गाव बांधलं जिथून ती उपाशी निघाली होती. चर्च बिशपच्या ऑफिसचं, पण शेजारचा हॉल लोकांनी स्वतः दगड वाहून बांधलेला, म्हणून तो समितीचा. आता चर्च विकायचं होतं. मेलबर्नच्या एका जोडप्याला तिथे लग्नं लावायची होती, आणि त्यांना हॉलसकट हवं होतं. समितीची सही झाल्याशिवाय काही हलत नव्हतं.

समिती पाच जणांची. एकेक आयरिश म्हातारा गेला, की घटनेप्रमाणे जागा भरावी लागे, आणि भरायला माणूस नसे. आधी अण्णा समितीवर आले. मग करुणा. धम्मदीपला नाताळच्या सुट्टीत चहा पिता पिता घेतलं. त्याच्या बायकोला, अपर्णाला, वाटलं ती लॉटरीच्या तिकिटावर सही करते आहे. अशा रीतीने किलमोराच्या आयरिश वारशाचे पाच विश्वस्त म्हणजे एक्क्याण्णव वर्षांच्या नोरा हॅनिगन, आणि भंडारा जिल्ह्यातलं गजभिये कुटुंब. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत गेल्या वर्षी एक ट्रॅक्टर, एक घोडा आणि अण्णा होते. या वर्षी घोडा नव्हता.

हे सगळं सुरू झालं हजेरीपासून. नोव्हेंबरात एका रविवारी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, सगळ्या मृतांची नावं हॉलमध्ये वाचायची, ही तिथली जुनी रीत. नाव वाचलं की घरच्या माणसाने उभं राहून 'हिअर' म्हणायचं. नाव तीनदा पुकारायचं. तीनदा कुणी उठलं नाही, तर त्यावर पेन्सिलीने रेघ. रेघ पडली की ते नाव पुन्हा कधी वाचत नाहीत.

अण्णा आणि आई भारतातून आले त्याच वर्षी नोराबाईंनी त्यांना हजेरीच्या चहाला बोलावलं. करुणाने नोराबाईंच्या मोडलेल्या खुब्याची शुश्रूषा केली होती त्याची परतफेड म्हणून. अण्णा मागच्या बाकावर बसले. मायकल कॉन्सिडाइन, असं नाव आलं. वय वर्षं सात, घटसर्प, अठराशे अडुसष्ट. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. नोराबाईंनी तिसऱ्यांदा पुकारून पेन्सिल टेकवली, आणि अडतीस वर्षं मास्तरकी करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस ताडकन उभा राहून म्हणाला, "हजर, बाई!"

नोराबाईंनी चष्म्यावरून बघितलं. मग पेन्सिल उचलली आणि मायकलपुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या वर्षी अण्णांनी चाळीस जणांच्या वतीने ओ दिली. एकेक म्हातारा गेला की त्याचं सगळं घराणं अण्णांच्या नावावर चढे. आता वहीत दोनशे एकतीस नावं होती. अठरा हॅनिगन नोराबाईंचे, उरलेले दोनशे तेरा अण्णांचे. प्रत्येक नावाला उठायचं, हजर म्हणायचं, बसायचं. ज्या माणसाने अडतीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या, तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोनशे तेरा उठाबशा काढत होता, आणि त्याच्या गुडघ्याच्या डॉक्टरला वाटत होतं की हा सांस्कृतिक नृत्याचा प्रकार असावा.

आईला हे पसंत नव्हतं. ती हॉलच्या किचनमध्ये चहा करायची, तव्यावर नोराबाईंचा ब्रेड आणि आपली भाकरी शेजारी-शेजारी शेकायची, पण ओ तिने एकालाही दिली नाही.

"खोटी हजेरी लावली म्हणून पोरांना बदडलंत जन्मभर," ती म्हणायची, "आणि आता इथे काय लावलंय?"

"मग काय रेघ मारू द्यायची? सात वर्षांचं पोर ते."

"माझ्या वेळी असलं करायचं नाही. माझं नाव पुकारलं, तर माझी मी ओ देईन. तुम्ही मध्ये तोंड घालू नका."

पहिल्यांदा तिने हे म्हटलं तेव्हा, शब्द न कळताही नुसत्या सुरावर, सगळा हॉल हसला होता. नोराबाईंनी भाषांतर मागितलं, करुणाने करून सांगितलं, मग त्या एकट्या पुन्हा हसल्या होत्या.

*

धम्मदीप, अपर्णा आणि मयूरा अकरा वाजता आले. ट्रुगानिनाहून साडेतीन तास. गाडीच्या डिकीत सामान हलवायचे घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके होते. धम्मदीपने त्यावर ब्लँकेट टाकलं होतं. ब्लँकेटखाली खोके अगदी खोक्यांसारखे दिसत होते.

"जय भीम, अण्णा."

"जय भीम. खोके कशाला?"

"ते... असेच असतात गाडीत."

"बत्तीस?"

मयूराने आजोबांना मिठी मारली. ती वीस वर्षांची, विद्यापीठात शिकणारी, आणि घरात एकटी अशी की जिला मत नव्हतं, म्हणून सगळे तिच्याशी नीट बोलत. "आबा, यू लुक शार्प. हिरवं सूट होतं तुम्हाला."

अपर्णाने करुणाला लाँड्रीत ओढलं. "सांगितलंस?"

"नाही, वहिनी."

"करुणा! जानेवारी परवावर आलाय."

"मतदान झालं की सांगते. आधी सांगितलं तर म्हणतील, माझ्यामुळे मत दिलंस."

"मग कुणामुळे देणार आहेस?"

करुणाने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं आणि बंद केलं. आत काही नव्हतं.

"हे बघ," अपर्णा आवाज उतरवून म्हणाली, "मला सासरे घरात हवेत म्हणून मी मरत नाहीये. मी वर्क फ्रॉम होम करते, आणि ते मीटिंगमध्ये मागून येऊन माझ्या मॅनेजरचं व्याकरण सुधारतात. पण इथे एकटे? बाथरूममध्ये पडले तर कोण येणार? कॉन्सिडाइन?"

जेवणाच्या टेबलावर धम्मदीपने फोनवरचे फोटो उघडून ठेवले. खालची बेडरूम. अटॅच्ड बाथरूम. भिंतीला धरायचा दांडा. "आणि चालत दहा मिनिटांवर इंडियन ग्रोसरी. आपली माणसं आहेत, अण्णा. पौर्णिमेला वंदना असते, धम्मवर्ग असतो. तुम्हाला ऐकायला पन्नास लोक येतील."

"तिथे मी कुणाच्या वतीने ओ देऊ?"

"कुणाच्या नाही! तिथे सगळे जिवंत आहेत."

"मग माझी काय गरज?"

धम्मदीपने फोन उलटा ठेवला. तो इंजिनीअर होता. भिंत दिसली की मोजायची सवय. "अण्णा, किती वर्षं हे चालणार? ते लोक आपले कोण? त्यांचा धर्म आपला नाही, देश आपला नाही. आपण एका जोखडातून बाहेर पडलो ते दुसऱ्याचं चर्च झाडायला?"

"चर्च मी झाडत नाही. हॉल झाडतो."

"तेच ते."

"तेच ते नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज शाळा सुटली तेव्हापासून चढलाच नव्हता. "पहिलीत असताना मास्तर हजेरी घ्यायचे. आतल्या सगळ्यांची नावं घ्यायचे. आम्ही तिघं दाराबाहेर. आमची नावं वहीत होती, पण मास्तर बाहेर नजर टाकून म्हणायचे, 'बाहेरचे तीन'. बस. त्यातला एक मेला तेव्हा चार दिवस 'बाहेरचे तीन'च चाललं होतं."

मयूराने हळूच विचारलं, "आबा, त्याचं नाव काय होतं?"

"तेच तर," अण्णा म्हणाले. "मला आठवत नाही."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तोंड पुसलं, आणि कामकाजाच्या सुरात आले. "माझी एक अट आहे. आज शेवटची हजेरी. वही उद्या शहरातल्या दप्तरखान्यात जाणार, पेटीत बंद होणार. त्याआधी त्यात प्रमिलाचं नाव लिहायचं आणि रीतसर पुकारायचं. तेवढं झालं, की मी सही करतो. ठराव मीच मांडतो."

धम्मदीप उडालाच. "आई? चर्चच्या वहीत? आई ख्रिश्चन नव्हती, अण्णा. आयरिश तर त्याहून नव्हती! आपल्या लोकांच्या असोसिएशनमध्ये कळलं तर..."

"वही हॉलची आहे."

"दादा," करुणा म्हणाली. "हो म्हण." तिला स्वतःच्याच आवाजातली घाई ऐकू आली, आणि अण्णांनाही आली असावी, कारण त्यांनी तिच्याकडे एकदा बघून नजर काढून घेतली. एका नावाच्या बदल्यात सगळं सुटत होतं. इतक्या स्वस्तात सुटेल असं तिला वाटलं नव्हतं. सकाळपर्यंत ती अण्णांच्या बाजूची होती. आता ती टेबलाच्या नेमकी त्याच बाजूला बसली होती जिकडे खोके होते.

*

नोराबाई हॉलमध्ये आधीच येऊन बसल्या होत्या, कोट घालून, पर्स मांडीवर, बसस्टॉपवर बसल्यासारख्या. गुरुवारी त्या शहरातल्या नर्सिंग होममध्ये कायमच्या राहायला जाणार होत्या. अण्णांनी अट सांगितली. धम्मदीप पुढे झाला, "नोरा, इफ इट्स अगेन्स्ट द रूल्स, वुई टोटली अंडरस्टँड..."

"नियम?" नोराबाई म्हणाल्या. "तुझ्या आईने अकरा वर्षं इथे चहा केला, लव्ह. वहीतला अर्धा पॅरिश याहून कमी कामाचा होता. माझा नवरा धरून."

त्यांनी शेवटच्या पानावर, दोनशे एकतीसच्या खाली, जाड मार्करने मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. प्रमिला गजभिये. एकही अक्षर चुकलं नाही, अण्णांनी तपासलं.

दोन वाजता अण्णांनी घंटा वाजवली. तीस रिकाम्या खुर्च्या, चाळीसांचे वडे, एका भिंतीवर सतरा कुटुंबांचा पिवळा पडलेला फोटो, आणि पहिल्या रांगेत गजभिये. मयूरा वाचायला उभी राहिली, कारण नोराबाईंना बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"मार्टिन मर्नेन."

"हजर." अण्णा उठले, बसले.

"कॅथरीन मर्नेन."

"हजर."

साठाव्या नावाला त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. नव्वदाव्याला करुणाने त्यांच्या दंडाला हात दिला. त्यांनी तो काढून बाजूला ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मायकल कॉन्सिडाइन आला तेव्हा ते जरा जोरात म्हणाले, वर्गात लाडक्या पोराची बाजू घेताना मास्तर म्हणतात तसं. दीडशेच्या पुढे धम्मदीप पुटपुटला, "अण्णा, बसून म्हणा ना." अण्णा म्हणाले, "मेलेल्यांना उभं राहता येत नाही. मला येतंय," आणि उठले. हॅनिगन आले तेव्हा नोराबाई अठराही वेळा खुर्चीतूनच 'हिअर' म्हणाल्या, अठराव्याला डोळे मिटून.

मग मयूरा थांबली. "नोरा, डू यू वाँट टू...?"

"हो. हे मी वाचते."

नोराबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. वही डोळ्यांजवळ धरली. हॉलवर वारा आदळत होता. पत्रा वाजला, थांबला.

"प्रमिला गजभिये."

अण्णा उठले नाहीत.

करुणाला वाटलं, गुडघे. ती हात द्यायला वळली, तर अण्णा ताठ बसले होते, मान जराशी किचनच्या दाराकडे. चेहऱ्यावर काही नव्हतं. उशीर करणाऱ्या, पण नक्की येणाऱ्या माणसाची वाट बघताना असतो तसा साधा चेहरा.

"प्रमिला गजभिये," नोराबाई पुन्हा म्हणाल्या, थोडं हळू.

"अण्णा," धम्मदीप कुजबुजला. "बोला ना." मग त्यानेच घसा खाकरला, अर्धा उठला. "हज..."

अण्णांनी त्याच्याकडे न बघता तळवा वर केला. अडतीस वर्षांचा तळवा. धम्मदीप शब्दाच्या मध्यावर खाली बसला.

"तुला विचारलेलं नाही."

"अण्णा, मी मुलगा आहे तिचा."

"दुसऱ्याने ओ द्यायची नाही. ती देईल म्हणालीय."

तेव्हा करुणाला कळलं. तो जुना हशा तिच्या कानात आला, आईचा पदराला पुसलेला हात, तवा, आणि नोराबाईंना भाषांतर करून सांगताना आपण वापरलेले नेमके शब्द. तिने नोराबाईंकडे बघितलं. नोराबाईंनाही आठवलं होतं. त्यांचा ओठ हलत होता आणि वही खाली आली होती.

"करुणा, डू समथिंग," अपर्णा म्हणाली.

करुणाने तोंड उघडलं. एक शब्द होता. दोनशे तेरा परक्यांसाठी तो या हॉलमध्ये आज म्हणून झाला होता. पण अण्णांचा तळवा अजून वर होता. आणि ती जर उठली असती, तर आई मेलेल्यांत जमा झाली असती, तीही तिच्या सहीने. एकदा ती ते करून चुकली होती. फेब्रुवारीत, इस्पितळाच्या फॉर्मवर, वेळ आणि तारीख घालून. ती बसून राहिली. नंतर तिने स्वतःला हेच कारण सांगितलं. दुसरं कारण पर्समध्ये होतं : अट नाव पुकारण्याची होती, आणि नाव पुकारून होत होतं.

"मी थांबू का, राम?" नोराबाईंनी अण्णांना विचारलं.

"नियम तीनचा आहे," अण्णा म्हणाले.

"प्रमिला गजभिये."

किचनमध्ये चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. भांड्यावरचं झाकण थडथडलं. अण्णा पुढे झुकले. झाकण थडथडत राहिलं, मग मयूरा जाऊन गॅस बंद करून आली, आणि मग काहीच वाजलं नाही.

अण्णा उठले. कशाला न धरता उठले, टेबलापाशी गेले, नोराबाईंच्या हातातून पेन्सिल घेतली. नोराबाईंनी लगेच सोडली नाही. दोन म्हातारे क्षणभर एका पेन्सिलीला धरून उभे होते. मग त्यांनी सोडली. अण्णांनी रेघ मारली. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ, मार्करच्या जाड अक्षरांवर फिकट, आणि समासात मराठीत लिहिलं : गैरहजर.

"आता सभा," ते म्हणाले.

*

सभा सहा मिनिटं चालली. ठराव, अनुमोदन, पाच हात. करुणाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला आणि सगळ्यात आधी खाली आला. चाळीसांच्या वड्यांतले चार खाल्ले गेले. धम्मदीप 'थँक यू, अण्णा' म्हणाला आणि ते म्हणून झाल्यावर भिंतीवरच्या फोटोतली माणसं मोजायला लागला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आकडा चुकू नये म्हणून तो थांबत नव्हता.

करुणा अण्णांपाशी आली. "अण्णा, मला एक सांगायचंय."

"डार्विनला आत्ता पाऊस सुरू होत असेल ना?"

तिचा हात पर्सवर गेला.

"पोस्टमन पत्रं माझ्या हातात देतो," अण्णा म्हणाले. "बंद पाकीट होतं, मी उघडलं नाही. वर इस्पितळाचा शिक्का होता. छत्री घे. तुझी इथली वाऱ्याने मोडलीय."

"तुम्हाला माहीत होतं, तर सकाळी विचारलंत कशाला? कुठल्या बाजूने म्हणून?"

"मास्तरला उत्तर माहीत असतंच," अण्णा म्हणाले. "तरी विचारावं लागतं."

मग ते टेबलाशी बसले, इतिवृत्ताच्या वहीतलं एक कोरं पान घेतलं, समास आखला, आणि लिहायला लागले. धम्मदीप आणि मयूरा खुर्च्यांच्या थप्प्या लावत होते. अपर्णा गाडीतून पहिले खोके घेऊन आली, आणि कुठे ठेवू हे कुणाला विचारावं, हे न कळून ते धरून दारात उभी राहिली. अण्णांनी लिहिणं संपवलं, घडी न घालता कागद नोराबाईंना दिला. नोराबाईंना मराठीतलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला, उलटा, आणि वरपासून खालपर्यंत वेळ घेऊन बघितला.

"रिसीव्ह्ड," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पॅरिशचा शिक्का काढून त्यावर उठवला.

प्रति,
मा. सचिव,
किलमोरा पॅरिश हॉल समिती (विसर्जित)

विषय : सौ. प्रमिला रामदास गजभिये यांच्या अनुपस्थितीबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर व्यक्ती दिनांक ११ फेब्रुवारीपासून कोणतीही पूर्वसूचना न देता व रजेचा अर्ज न करता अनुपस्थित आहे. आज रोजी तिचे नाव नियमाप्रमाणे तीन वेळा पुकारण्यात आले. 'माझी मी ओ देईन' असे तिने यापूर्वी तोंडी कळविले होते, त्यास आपण स्वतः साक्षीदार आहात. एकावन्न वर्षांच्या काळात तिने दिलेला शब्द मोडल्याची नोंद अर्जदाराकडे नाही. सबब, काही अपरिहार्य अडचण असावी, असे मत झाले आहे.

तरी, अनुपस्थितीचा संपूर्ण कालावधी असाधारण रजा म्हणून मंजूर करण्यात यावा, आज मारलेली रेघ रद्द समजण्यात यावी, व सदर व्यक्तीस तात्काळ रुजू होण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.

अर्जदाराचा पत्ता येत्या शनिवारपासून बदलत आहे. रुजू होताना तिने जुन्या घरी जाऊन दार वाजवत थांबू नये, असेही तिला कळविण्यात यावे. नवीन पत्ता सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
रा. ल. गजभिये
मुख्याध्यापक (निवृत्त)